‘आठ छटांपर्यंत शुभ्र’ : एका माहितीपत्रकाचे परीक्षण

आपल्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, अधूनमधून दिवाळी अंकांचीही येतात. मी आज ज्याचे परीक्षण लिहायला बसलो आहे त्याची पृष्ठसंख्या सहा, लेखक अज्ञात आणि किंमत शून्य. दातांच्या दवाखान्यात आपण ताटकळत बसलेलो असताना समोरच्या टीपॉयवर जे तीन घड्यांचे चकचकीत माहितीपत्रक पडलेले असते, तेच हे. विषय : दात पांढरे करणे.

वाचकांनी हसण्याआधी एवढे सांगू द्या की गेल्या काही वर्षांत आमच्या घरात एकाही मराठी पुस्तकाचे इतके बारकाईने वाचन झालेले नाही. वाचणारी माणसे दोन. पहिल्याचे सहाशे डॉलर गेले. दुसरीचा पुढचा दात आतल्या आत सडत होता, आणि तो या वाङ्मयामुळे नव्हे, तर हे वाङ्मय असूनही वाचला.

मी दातांचा डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली, मोजमापाच्या उपकरणांवरची, आणि पोटापाण्यासाठी मी इथे रालीजवळ सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा पुढे जे वैद्यकीय येईल ते आपापल्या डेंटिस्टला विचारून मगच अंमलात आणावे. पण एखादा आकडा नेमका काय मोजतो आणि काय मोजतो असे भासवतो, हे ओळखण्याची सवय मला आहे. त्या अधिकारात हा खटाटोप.

प्रथम माझी कथा, कारण ती लहान आहे. माझ्या दातांवर आडवे करडे-तपकिरी पट्टे आहेत. लहानपणी मला सारखा ताप येई आणि त्या काळी टेट्रासायक्लिन सढळ हाताने दिले जाई. हे औषध कॅल्शियमला चिकटते. आठ वर्षांच्या आत, म्हणजे पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना ते पोटात गेले, तर दाताच्या घडणीतच बसून राहते आणि पुढे उजेड लागून काळवंडते. झाडाच्या खोडातल्या वलयांवरून दुष्काळ ओळखतात तशी माझ्या दातांवरून माझी आजारपणे मोजता येतील. मंडळाच्या गणपतीच्या फोटोंत मी कुठे आहे ते शोधायचे असेल तर ओठ मिटून हसणारा इसम पाहावा.

सात वर्षांपूर्वी मी हे माहितीपत्रक प्रथम वाचले आणि आत जाऊन खुर्चीत बसलो. तासभर तोंड उघडे ठेवून, ओठांना चिमटे लावून, दातांवर जेल आणि जेलवर निळा दिवा. उठलो तेव्हा आरशात खरोखरच पांढरे दात दिसले. रात्री दातांत वीज चमकावी तशा कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस चालल्या. जेल जिथे ओघळले होते तिथे हिरडीवर पांढरा चट्टा उठला. तो आठवड्याभरात गेला. पंधरा दिवसांनी पाहिले तर मधला भाग थोडा उजळलेला आणि पट्टे जागच्या जागी, किंबहुना आता अधिक उठून दिसणारे. माझे दात असे का आहेत, हा प्रश्न त्या तासाभरात मला कोणीही विचारला नाही. माहितीपत्रकातही तो नाही.

आता पुस्तकाकडे, म्हणजे पत्रकाकडे वळू. मुखपृष्ठावर एकच वाक्य आहे : एका तासात आठ छटांपर्यंत शुभ्र. संपूर्ण कृती या वाक्यावर उभी असल्याने त्यावर जरा रेंगाळायला हवे.

ही ‘छटा’ कुठून आली? दंतवैद्यांकडे नकली दातांच्या रंगाची एक पट्टी असते. व्हिटा नावाच्या जर्मन कंपनीची ही पट्टी १९५६ पासून वापरात आहे. तिच्यात सोळा दात आहेत आणि त्यांना ए, बी, सी, डी या गटांत नावे दिली आहेत. ए म्हणजे लालसर तपकिरी, बी लालसर पिवळा, सी करडा, डी लालसर करडा. उद्देश साधा होता. कवळी किंवा कॅप करताना शेजारच्या दाताशी रंग जुळावा. साडीवर ब्लाऊजपीस जुळवायला आपण दुकानात तुकडा घेऊन जातो, तसा प्रकार. ही पट्टी मोजपट्टी म्हणून जन्मलेलीच नाही.

पुढे दात उजळण्याचा धंदा आला आणि त्याला आकडा हवा झाला. मग हेच सोळा दात फिकटाकडून गडदाकडे ओळीने लावले गेले : बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३ असे करत शेवटी सी४. पायऱ्या मोजल्या की झाल्या छटा. आता गंमत पाहा. ए३ हा अगदी नेहमी आढळणारा रंग. त्याच गटातला त्याच्यापेक्षा एक पाऊल फिकट तो ए२. डोळ्याला हा बदल एकाच पावलाचा. पण ओळीत ए३ चा क्रमांक नववा आणि ए२ चा पाचवा. म्हणजे जाहिरातीत या एका पावलाच्या ‘चार छटा’ झाल्या! ए३ वरून बी१ वर पोचलात की आठ भरल्या.

आमच्या वेळी दहावीच्या बोर्डाची गुणवत्ता यादी लागे. यादीत पहिला आणि नववा यांच्यात आठ क्रमांकांचे अंतर असे, पण गुणांचे अंतर किती ते क्रमांकावरून कळत नसे. कधी दोन गुण, कधी वीस. क्रमांकांची वजाबाकी करून हुशारी मोजू नये हे आपल्या सर्वांच्या आईवडिलांना ठाऊक होते, जरी ते वागत त्याच्या उलट. छटांची वजाबाकी हा तोच प्रकार आहे. रंग मोजायची उपकरणे आहेत, फिकटपणा आणि पिवळेपणा वेगवेगळा आकड्यांत सांगणारी पद्धत आहे, आणि संशोधक ती वापरतात. पण ‘पिवळेपणात अमुक एककांची घट’ या वाक्यावर कोणी सहाशे डॉलर काढून देणार नाही.

‘पर्यंत’ या शब्दाबद्दल सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळे सांगायला नको. ‘आठपर्यंत’ या संचात शून्याचाही समावेश होतो.

दुसऱ्या घडीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो आहेत. नंतरच्या फोटोतल्या बाईंनी लिपस्टिक बदलली आहे, हे सोडून देऊ. मुख्य मुद्दा वेळेचा. ओला शर्ट गडद दिसतो आणि वाळला की फिकट. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, तेही सूक्ष्म छिद्रांचे असते आणि लाळेने सदैव ओले असते. तासभर तोंड उघडे ठेवले की ते कोरडे पडते, प्रकाश अधिक विखरतो आणि दात आहे त्याहून पांढरा दिसतो. एखाद-दोन दिवसांत पाणी परत मुरते आणि ही उधारीची शुभ्रता उतरते. खुर्चीतून उठताच काढलेला फोटो म्हणजे वाळलेल्या शर्टाचा फोटो. हा खोटा पुरावा नव्हे, पण अर्धा आहे.

निळ्या दिव्याचे तर काय सांगावे. पत्रकात त्याला सर्वांत मोठी जागा आहे आणि परिणामात सर्वांत छोटी. दिवा लावून आणि न लावता काय फरक पडतो याचे बरेच अभ्यास झाले आहेत, आणि काही आठवड्यांनंतरच्या रंगात म्हणण्यासारखा फरक बहुतेकांना आढळलेला नाही. उलट उष्णता देणाऱ्या दिव्याची काळजी करावी लागते. दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याचे तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढले तर काही दातांचा गाभा मरतो, असे १९६५ साली माकडांवर केलेल्या प्रयोगात झाक आणि कोहेन यांना दिसले होते. तो आकडा आजही सावधगिरीची रेषा म्हणून वापरतात.

म्हणजे सगळेच थोतांड आहे का? नाही, आणि इथेच मला या पत्रकाचा खरा राग येतो. त्यात कुठेही नसलेली खरी गोष्ट त्याच्या सहा पानांहून कितीतरी रंजक आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या घरापासून अर्ध्या तासावर घडला आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ गावी बिल क्लसमायर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. रुग्णांच्या सुजलेल्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून ते ग्लाय-ऑक्साइड नावाचे, दुकानात सहज मिळणारे जंतुनाशक रात्री दातांच्या साच्यात घालून झोपायला सांगत. त्यात १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड होते. हिरड्या बऱ्या झाल्याच, पण दातही उजळले. डॉक्टरांनी हे सहकाऱ्यांना सांगितले आणि गोष्ट तोंडोतोंडी पसरत राहिली. तिची शास्त्रीय तपासणी करून ती छापली ती इथल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठातल्या हेवूड आणि हायमन या दोघांनी, १९८९ साली. आपल्या दातांच्या मापाचा पातळ साचा, त्यात जेलचा थेंब, आणि रात्रभर झोप. दिवा नाही, चिमटे नाहीत.

१० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडमधून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. दवाखान्यातल्या तासाभराच्या जेलमध्ये ते साधारण २५ ते ४० टक्के असते. काम दोन्हीकडे तेच : हा लहानसा रेणू एनॅमलमधून आत शिरतो आणि रंगीत सेंद्रिय द्रव्ये तोडतो. काही मिनिटांतच तो दाताच्या गाभ्यापर्यंतही पोचतो, म्हणून त्या कळा. कमी तीव्रतेने दोन-तीन आठवडे केले तर साधारण तेवढाच रंग मिळतो आणि कळा बेताच्या राहतात. मंद आचेवरच्या आमटीसारखे आहे हे. पण मंद आचेचे माहितीपत्रक कोण काढणार?

तिसऱ्या घडीवर घरगुती उपायांची निंदा आहे आणि तिच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. लिंबू चोळणे हा वेडेपणा आहे. आम्लाने विरघळलेले एनॅमल परत वाढत नाही. कोळशाची पेस्ट आली तेव्हा माझ्या आईला हसू आवरेना, कारण तिची आई राखुंडीने दात घासत होती म्हणून शहरातल्या सुनांनी तिला नावे ठेवली होती. आता तीच काळी पूड नळीत भरून दहा डॉलरला. कोळसा वरचे डाग खरवडतो, आतला रंग बदलत नाही, आणि तो सुरक्षित व गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही असे २०१७ सालच्या अमेरिकन दंतवैद्यकाच्या नियतकालिकातल्या आढाव्यात म्हटले आहे. काही ‘व्हाइटनिंग’ पेस्टमध्ये निळे रंगद्रव्य असते. ते दातावर पातळ बसते आणि पिवळेपणा मारते. धोतराला नीळ देण्याची युक्ती, दुसरे काही नाही. ब्रश केल्यावर काही तास पुरते. फसवणूक म्हणायची तर फार निरुपद्रवी.

इथे थोडे विषयांतर. आमच्या पणजीच्या पिढीत कित्येक सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. हिराकस आणि हिरडा असल्या पदार्थांचे, म्हणजे लोह आणि तुरट रस यांचे ते मिश्रण. जपानी स्त्रियांचे काळे दातही याच रसायनाने होत. शाईही याच जोडीची. त्या काळी शुभ्र दातांची नवरी दातवणाच्या डबीकडे आशेने पाहत असेल आणि तिला कोणी ‘आठ छटांपर्यंत काळे’ असे सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला असता. दात नैसर्गिकरीत्या पांढरा नसतोच. एनॅमल अर्धपारदर्शक असते आणि त्यातून आतला पिवळसर थर दिसतो. वय वाढते तसे कवच झिजते, आतला थर जाड होतो आणि दात पिवळा होतो. पत्रकात याला ‘समस्या’ म्हटले आहे.

आता या वाङ्मयाच्या प्रकाशकांविषयी. दात पांढरे करणे हे कोणी विकावे, या प्रश्नावर आपले राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते, हे फार जणांना माहीत नसावे. २००३ च्या सुमारास इथल्या मॉलमध्ये, सलूनमध्ये कमी दरात दात उजळून देणारी दुकाने निघाली. डेंटिस्टांनी राज्याच्या दंतमंडळाकडे तक्रारी केल्या. आठ सदस्यांच्या त्या मंडळात सहा डेंटिस्ट. मंडळाने २००६ पासून किमान ४७ पत्रे पाठवून ‘हा व्यवसाय ताबडतोब बंद करा’ असे बजावले. तक्रारींचा रोख ग्राहकांना झालेल्या इजेपेक्षा दरांवर अधिक होता, अशी नोंद निकालात आहे. फेडरल ट्रेड कमिशनने स्पर्धा दडपल्याचा ठपका ठेवला आणि २०१५ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी मंडळाच्या विरोधात निकाल दिला. ज्यांचे स्वतःचे उत्पन्न त्या धंद्यात आहे त्यांनी सरकारी देखरेखीशिवाय स्पर्धकांना हुसकावले, तर त्यांना राज्याचे कवच मिळणार नाही, असा त्याचा सारांश. युरोपात नेमकी उलट दिशा आहे. तिथे २०१२ पासून ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची उत्पादने फक्त डेंटिस्टमार्फत मिळतात आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी वापरता येत नाहीत.

मला निकाल पटतो. दरांच्या भांडणाला आरोग्याचा बुरखा घातला होता. पण निकाल वाचताना एक गोष्ट खटकत राहिली. दुकानदार म्हणतो, हे सौंदर्यप्रसाधन आहे. डेंटिस्ट म्हणतो, हा उपचार आहे. उपचार असेल तर आधी निदान हवे. मला सहाशे डॉलरला दिवा दाखवणाऱ्या परवानाधारकाने ते केले नव्हते. म्हणजे भिंतीवर परवाना टांगलेला असला तरी प्रश्न विचारला जाईलच असे नाही.

तो प्रश्न किती महागात पडू शकतो ते गेल्या वसंतात कळले. माझी मुलगी सोळा वर्षांची. शाळेच्या प्रॉमच्या आधी तिने स्वतःच्या पैशांनी औषधांच्या दुकानातून उजळण्याच्या पट्ट्या आणल्या आणि तीन आठवडे आम्हाला न सांगता लावल्या. दात उजळले. फक्त वरचा पुढचा एक दात मागे राहिला. आधी तो किंचित करडा होता, लक्षातही येत नसे. आता भोवतालचे पांढरे झाल्यावर तो डोळ्यांत भरू लागला. तिने त्या एकाच दातावर दुप्पट वेळ पट्टी लावायला सुरुवात केली. शेवटी एका रात्री येऊन म्हणाली, “बाबा, तुला रागवायचंय ते नंतर रागव. आधी हा दात बघ.”

मी डबा हातात घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली. तिथे लिहिले होते की एखादाच दात काळसर असेल तर वापरण्यापूर्वी डेंटिस्टला दाखवा. खरी माहिती होती, पण तांदळाच्या दाण्यावर लिहावे अशा अक्षरात. पुढच्या बाजूला आठ छटा तळहाताएवढ्या.

दुसऱ्या डेंटिस्टकडे गेलो. या बाईंनी पहिला प्रश्न विचारला : “याला कधी मार लागला होता का?” लागला होता. अकराव्या वर्षी सॉकर खेळताना कोणाचे तरी कोपर. दात हलला नव्हता, तुटला नव्हता. बर्फ लावला आणि विसरलो. बाईंनी गार कापूस लावून पाहिला. शेजारच्या दातांना जाणवला, याला नाही. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली. गाभा केव्हाच मेला होता आणि संसर्ग हाडात उतरू लागला होता. दुखत मात्र काहीच नव्हते. करडा रंग हेच काय ते एकमेव लक्षण, आणि तेच पुसून टाकायचा प्रयत्न चालू होता. पट्टी आणखी प्रभावी असती आणि रंग जुळला असता, तर आम्हाला कळले केव्हा असते?

माझ्या दृष्टीने या कृतीचा हाच मोठा दोष. अतिशयोक्ती जाहिरातीत चालायचीच. पण सहा पानांत दाताचा रंग हा केवळ डाग आहे असे गृहीत धरलेले आहे. चहाचा डाग, तंबाखू-मशेरीचा डाग, टेट्रासायक्लिन, पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे ठिपके, मेलेला गाभा, भरलेल्या दाताखालची कीड, या सगळ्यांची कारणे वेगळी, उपाय वेगळे आणि काहींत तर उजळणे ही शेवटची पायरी. फ्लोराइडचे पांढरे ठिपके सुरुवातीला अधिकच उठतात. कॅप आणि भरलेले सिमेंट यांचा रंग मुळीच बदलत नाही. चंद्रपूर-यवतमाळकडच्या आपल्या मंडळींनी आणि ज्यांच्या पुढच्या दातांत कॅप आहे त्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘नंतरची काळजी’ आहे. दोन दिवस फक्त पांढरे अन्न, असा आदेश. आमच्या घरी यावर चर्चासत्र झाले. दहीभात, इडली, साबुदाण्याची खिचडी चालेल. वरण नाही, कारण हळद. गणपतीच्या दिवसांत उपचार केला तर उकडीचे मोदक चालतील पण पंचखाद्य नाही. प्रत्यक्षात या पथ्याला फारसा आधार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रंगीत खाणेपिणे आणि उजळण्याचा परिणाम यांत अगदी क्षीण संबंध आढळला. चहा सोडायला नको. त्या दिवसांत लिंबू सरबत, कोकम, कोला असले आंबट मात्र टाळावे, कारण दात आधीच हुळहुळे असतात. पत्रकात जे नाही ते असे : जेल तांदळाच्या दाण्याएवढेच घ्यावे, हिरडीवर आलेले लगेच पुसावे, कळा आल्या तर एक-दोन रात्री सोडाव्यात, पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आधीपासून वापरावी, आणि पुढचा दात नव्याने भरायचा असेल तर उजळल्यावर दोन आठवडे थांबावे. तोवर रंग स्थिरावतो आणि सिमेंट नीट चिकटते.

माझे म्हणाल तर त्याच बाईंनी मला साचा करून दिला आहे. टेट्रासायक्लिनला रोज रात्री सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, हिरडीजवळचा भाग सर्वांत कमी बदलेल आणि पट्टे पूर्ण जाणार नाहीत, हे तिघांनाही, म्हणजे मला, बायकोला आणि माझ्या स्प्रेडशीटला, पहिल्याच दिवशी सांगून. चौदावा आठवडा चालू आहे. रविवारी सकाळी दहा वाजता त्याच खिडकीपाशी मुलगी फोटो काढते. दोन तास आधी तोंड कोरडे ठेवायचे नाही, हा नियम.

तिच्या दाताचे रूट कॅनाल झाले. मग मागच्या बाजूने लहान भोक ठेवून आत उजळण्याची पेस्ट भरली आणि बंद केले. मुळाकडे पेस्ट झिरपू नये म्हणून खाली आधी सिमेंटचा थर, कारण झिरपली तर वर्षांनंतर मूळच झिजल्याची उदाहरणे आहेत. आठवड्याने पाहायचे, लागल्यास पुन्हा भरायची. दोन वेळा झाले. मागच्या खेपेस बाईंनी ती सोळा दातांची पट्टी तिच्या हातात दिली आणि विचारले, कुठे थांबायचे? बाकीचे दात पट्ट्यांनी ए१ वर गेले आहेत, पण वर्षभरात ते थोडे खाली उतरतील. आतला दात त्यांच्या बरोबरीने उतरेलच असे नाही. तिने आरशात बराच वेळ पाहिले आणि ए२ चा तुकडा दाताशी धरला. पुढच्या बुधवारी भोक बुजवायचे आहे.